बाबांचा पार्किन्सन्स, ग्वाल्हेरचा हिवाळा आणि सारखं होणारं छातीचं इन्फेक्शन : चार महिने गाव सोडावं का?

कंपूची_लेक
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. बाबा ७४ वर्षांचे, पार्किन्सन्स (कंपवात) बरीच वर्षं आहे, काठी घेऊन घरात चालतात, बोलणं हळू झालंय पण डोकं एकदम शाबूत. गेले काही हिवाळे एकच गोष्ट होतेय, दिवाळी झाली की खोकला, मग कफ, मग ताप, आणि डिसेंबर-जानेवारीत न्यूमोनिया होऊन ऍडमिट. मागच्या वेळी आयसीयूत ठेवावं लागलं आणि घरी आल्यावर चालणं जे कमी झालं ते पूर्ण परत आलंच नाही. छातीचे डॉक्टर म्हणतात हवा खराब आहे, न्यूरोवाले म्हणतात गिळण्याचा प्रॉब्लेम आहे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

दादा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोघांना तिकडे न्यायचं. आई साफ नाही म्हणते. तिचं म्हणणं की इथे त्यांचा फिजिओ येतो, गल्लीतले मित्र संध्याकाळी येऊन बसतात, तिकडे सातव्या मजल्यावर कोण येणार. मला दोघांचं पटतं म्हणून झोप लागत नाही. कोणी असं केलंय का? खरंच फरक पडतो का? की घरात राहूनच काही करता येईल?

बाड्यावरचा
न्या. विचार करू नका. २०१६ साली डब्ल्यूएचओची यादी आली होती तेव्हा आपलं ग्वाल्हेर पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांमध्ये, जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. पहिलं इराणचं झाबोल. दिल्ली आपल्या मागे होती. अजून काय पुरावा पाहिजे?

निवृत्त_भूगोलमास्तर
बाड्यावरचा, आकडा बरोबर आहे पण तो जुना आहे, त्यावरून आजचा निर्णय घेऊ नये. हवा आजही वाईटच आहे, फक्त कधी आणि का वाईट असते ते समजून घेतलं तर उपयोग होईल. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार, त्यामुळे खालची हवा वर जाऊच शकत नाही, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. त्यात वारा पडलेला आणि कोहरा, म्हणजे धुकं. मग शहरातली गाड्यांची धूळ, बांधकामं, बिलौआकडच्या दगडाच्या क्रशरची धूळ, कचऱ्याचा धूर, सिगड्या, डबरा-भितरवारकडची पराली (शेतात जाळलेलं धानाचं काड), सगळं त्या झाकणाखाली साठतं. ऊन चढलं की दुपारी हवा थोडी मोकळी होते. म्हणून आपल्याकडची जी पहाटे पाचला फिरायला जायची सवय आहे ती डिसेंबरात सगळ्यात चुकीची. बाबांना बाहेर न्यायचंच असेल तर दुपारी दोन ते चार.

आणि पुण्याबद्दल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांची यादी आहे. त्यात ग्वाल्हेर आहे, आणि पुणंही आहे.

राजवाडा_इंदूर
मग इंदूरला पाठवा ना काकांना! २०१७ पासून स्वच्छतेत नंबर एक, सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफा, काका पळायला लागतील 😄

बाड्यावरचा
@राजवाडा_इंदूर झाली का सुरुवात. कोणत्याही धाग्यावर या इंदूरवाल्यांना पोहे आणायचेच असतात.

मुरारची_सून
पोह्यांवरून गंमत चालू आहे पण मला तिथेच बोलायचंय. सासूबाईंना स्ट्रोक होऊन गेलाय. त्यांना सारखं छातीत इन्फेक्शन व्हायचं आणि आम्ही सगळे हवेला आणि थंडीला बोल लावत होतो. मग एका डॉक्टरांनी विचारलं की जेवताना ठसका लागतो का. आम्ही म्हटलं नाही, कधीच नाही. त्यांनी गिळण्याची तपासणी करायला लावली, तेव्हा कळलं की पाणी आणि बारीक कण सरळ श्वासनलिकेत जातायत आणि ठसका लागतच नाही, कारण तिथली जाणीवच कमी झालीय. म्हणजे ठसका लागत नाही हे चांगलं लक्षण समजत होतो ते उलट निघालं.

कोरडे पोहे वर शेव, हे त्यांना आता बंद. मुरैन्याची तिळाची गजकपण बंद, संक्रांतीला फार वाईट वाटतं पण ती तोंडात भुगा होते आणि भुगा कुठेही जातो. दूधात भिजवलेली पोळी पण नाही, कारण त्यात पातळ आणि घट्ट दोन्ही एकत्र असतं, पातळ आधी सटकतं. त्याऐवजी मऊ खिचडी तूप घालून, दलिया, घट्ट दही, शिरा. पाणी आणि चहा थोडा घट्ट करून देतो, त्याची पावडर मिळते. पण किती घट्ट ते स्पीच थेरपिस्टने ठरवून दिलंय, आपल्या मनाने करू नका, जास्त घट्ट केलं तर माणूस पाणीच कमी पितो आणि मग कफ चिकट होतो.

कंपूची_लेक
@मुरारची_सून बाबांना औषधाच्या गोळीला ठसका लागतो, जेवताना नाही. जेवायला पाऊण तास लागतो आणि जेवणानंतर आवाज ओला ओला येतो, घशात काही अडकल्यासारखा. आम्हाला वाटायचं कफ आहे. आणि लाळ गळते.

श्वासमित्र
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वडोदऱ्यात प्रॅक्टिस करतो, मूळचा ग्वाल्हेरचा, दौलतगंज. कंपूची_लेक, जेवणानंतरचा ओला आवाज, गोळीला ठसका आणि जेवायला लागणारा वेळ, ही तिन्ही गिळणं बिघडल्याची लक्षणं आहेत. तपासणी करून घ्याच. लाळ जास्त तयार होते म्हणून गळत नाही, ती वेळच्या वेळी गिळली जात नाही म्हणून गळते, आणि रात्री तीच लाळ तोंडातल्या जंतूंसकट फुप्फुसात उतरते.

तुमचे दोन डॉक्टर वेगवेगळं बोलतायत असं तुम्हाला वाटतंय पण दोघंही बरोबर आहेत, आणि हा धागा सगळ्यांनी नीट वाचावा असं मला वाटतं कारण यात माणसं दगावतात. आपल्या श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि धूळ सतत वर ढकलत असतात. खोल फुप्फुसात जंतू खाणाऱ्या पेशी असतात. पीएम २.५ चे कण आणि धूर या दोघांचंही काम मंदावतात, आतला पातळ पडदा सुजतो. धडधाकट माणूस यावर काय करतो, तर जोरात खोकतो आणि मोकळा होतो. पार्किन्सन्समध्ये बरगड्यांचे स्नायू ताठ, खोल श्वास घेता येत नाही, खोकल्याचा झटका कमजोर, आणि खोकावं असं वाटणंही कमी. म्हणजे हवेने कफ वाढवला, गिळण्याच्या दोषाने जंतू आत सोडले आणि बाहेर काढायचं यंत्र ढिलं. पार्किन्सन्सच्या माणसांच्या मृत्यूच्या मुख्य कारणांमध्ये न्यूमोनिया आहे, तो असाच येतो.

आता काय करायचं. एक, लेव्होडोपाची (पार्किन्सन्सची मुख्य) गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने शरीर मोकळं होतं, जेवण त्या वेळात बसवा, गोळीचा असर उतरलेला असताना घास भरवू नका. जेवताना सरळ बसवा, टीव्ही बंद, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दोन, खोकल्याचा जोर मोजता येतो, साध्या पीक फ्लो मीटरमध्ये (श्वासाचा झोत मोजायचं उपकरण) खोकायला लावून. मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर साध्या सर्दीतही कफ अडकू शकतो, अशा माणसाला पोटावर हात देऊन खोकायला मदत कशी करायची ते घरच्यांनी फिजिओकडून शिकून घ्यावं. तीन, जोर लावून फुंकायचे व्यायाम. २०१० साली साठ पार्किन्सन्स रुग्णांवरचा एक अभ्यास न्यूरॉलॉजीच्या मासिकात आला होता, चार आठवडे रोज थोडा वेळ दाब असलेल्या उपकरणात जोरात फुंकायला लावलं, तर गिळणं जास्त सुरक्षित झालं. शिकायला हे सोपं आहे. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून.

सयाजीगंज
वडोदऱ्यातले श्वासमित्र, इकडे नंदेसरीच्या कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांचीही तीच रड आहे हो. आमच्याकडे कोहरा नाही, केमिकलचा वास आहे.

आजीची_नात
तोंड साफ ठेवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आजीला डिमेन्शिया आहे. नर्सताईंनी सांगितलं होतं की दात, हिरड्या, जीभ, आणि कवळी असेल तर ती, रोज रात्री झोपायच्या आधी साफ पाहिजे. दात नसले तरी हिरड्या ओल्या कापडाने पुसायच्या. लाळ आत जाणारच असेल तर ती निदान कमी घाण असावी. जपानमध्ये वृद्धाश्रमांत यावर अभ्यास झाला होता, २००२ सालचा, ज्यांचं तोंड रोज साफ केलं त्यांच्यात न्यूमोनिया कमी झाला. याला काही पैसे लागत नाहीत. कवळी रात्री काढून ठेवायची, आजी भांडते पण काढतोच आम्ही.

दानाओळीचा
मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे, स्नायू लवकर थकतात तो आजार. माझ्याकडून एक गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा. मागे खोकला झाला म्हणून घरातल्यांनी मेडिकलवरून अझिथ्रोमायसिन आणलं, दुकानदाराने न विचारता दिलं, आणि दोन गोळ्यांत माझ्या पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना. वेळेवर डॉक्टर मिळाले म्हणून वाचलो. अझिथ्रो, सिप्रो-लिव्होफ्लॉक्सचा गट, अमिकासिन-जेन्टामायसिन, ही अँटिबायोटिक्स मायस्थेनियात धोक्याची आहेत. आणि आपल्याकडे छातीला काही झालं की पहिली गोळी तीच मिळते. पाकिटात कार्ड ठेवतो मी आता, आजाराचं नाव आणि कोणती औषधं द्यायची नाहीत.

श्वासमित्र
@दानाओळीचा फार महत्त्वाचं लिहिलंत. पार्किन्सन्सवाल्यांसाठीही यातलंच: रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही पार्किन्सन्सची औषधं चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप घ्यायचं नाही, दोन्ही मिळून गंभीर रिऍक्शन येऊ शकते. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये ते असतं. तसंच उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं तर पार्किन्सन्स एकदम वाढतो, तिथे डॉक्टरांना विचारून डॉम्पेरिडोन.

कंपूची_लेक
बाबांना रासाजिलिन आहे!! आत्ता उठून अलमारी बघितली, सिरपची सीलबंद बाटली आहे, मागे बारीक अक्षरात डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय. काढून टाकली. श्वासमित्र, मनापासून आभार.

एमएस_आणि_मी
मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार), वय ३८, ठाटीपूर. वृद्धांचाच विषय आहे असं वाटायला नको म्हणून लिहितेय. मला साधा ताप आला तरी जुनी लक्षणं परत दिसतात, पाय जड, नजर धूसर. प्रत्येक वेळी ते खरं रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, नसतं, ताप उतरला की जातं, पण ते कळेपर्यंत स्टेरॉइड चालू व्हायची भीती असते आणि स्टेरॉइडने इन्फेक्शन अजून वाढू शकतं. म्हणून मला छातीचं इन्फेक्शन होऊच द्यायचं नाहीये. फ्लूची लस दर वर्षी, ऑक्टोबरमध्ये, कारण असर यायला दोन आठवडे लागतात. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) घेतली. मी रिटुक्सिमॅबवर आहे, ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, त्यात लशीचा उपयोग कमी होतो म्हणून डॉक्टरांनी डोसच्या आधी बसवली. जिवंत विषाणूच्या लशी आम्हाला नाही चालत, विचारूनच घ्या. कंपूची_लेक, बाबांना या दोन्ही दिल्यात का?

कंपूची_लेक
फ्लूची कधीतरी दिली होती. न्यूमोनियाची कोणी सुचवलीच नाही.

शिंदेछावणी
हवेवर परत येऊया का? बाहेरच्या हवेचं आपल्या हातात काही नाही पण घरातल्या हवेचं आहे. डासांची कॉइल आधी बंद करा. एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं मोजलंय, आणि ती आपण आजारी माणसाच्या पलंगाखाली रात्रभर लावतो. मच्छरदाणी वापरा. आणि धूप, उदबत्ती, हवनाचा धूर पण तसाच.

देवघर
उदबत्तीवर येणारच होतात. शेकडो वर्षं घराघरात धूप जाळतोय आपण, कोणाला काही झालं नाही. सगळा दोष पूजेवर का?

शिंदेछावणी
काकू, पूजेवर दोष नाही. धडधाकट माणसाच्या घरात दोन काड्या लावल्याने कोणी मरत नाही. पण ज्याला खोकून कफ काढता येत नाही त्याच्या खोलीत नको, एवढंच.

मुरारची_सून
आमच्याकडे मार्ग निघालाय, सासूबाईंची स्वतःचीच इच्छा होती पूजा चुकू नये. दिवा लावतो, फुलं वाहतो, कापूर आरतीपुरता अंगणात. देव तोच आहे.

देवघर
हे पटलं. अंगणात कापूर चालेल.

निवृत्त_भूगोलमास्तर
सिगडीचं विसरू नका. कडाक्याच्या थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत सिगडी ठेवणं म्हणजे धूर तर आहेच पण कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासही नाही. ज्या माणसाला उठून दार उघडता येत नाही त्याच्याजवळ तर अजिबात नको. तेलाचा हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी.

डबऱ्याचा_शेतकरी
वर परालीचं लिहिलंय. आम्ही धान लावतो. हौस म्हणून कोणी जाळत नाही साहेब, धान निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला वेळ थोडा, मशीन महाग. माझ्या आत्याला पण पार्किन्सन्स आहे आणि धुराचा त्रास तिला आमच्या घरातच पहिल्यांदा होतो. या वर्षी आम्ही सुपर सीडर, म्हणजे काड न जाळता पेरणी करणारं मशीन, भाड्याने घेतलं. सगळ्यांना मिळत नाही.

निवृत्त_भूगोलमास्तर
बरं केलंत लिहिलंत. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाहीच, पराली काही आठवडे जळते, शहराची धूळ बाराही महिने आहे.

बाड्यावरचा
एअर प्युरिफायरबद्दल कोणी सांगेल का, की फालतू खर्च आहे?

एमएस_आणि_मी
फालतू नाही पण हिशोब करून घ्या. बारा बाय बाराची खोली, दहा फूट उंच, म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जायला सीएडीआर (तासाला किती घनमीटर हवा गाळतो तो आकडा) २०० तरी हवा. हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा) असलेला, आयन-बियन काही नको. दार उघडं टाकून हॉलमध्ये चालवलात तर उपयोग नाही, पेशंट जिथे झोपतो तिथे, दार लावून. फिल्टरचे पैसे दर वर्षी धरा. आणि ऍपवर एक्यूआय (हवेचा निर्देशांक) ३०० दिसला म्हणजे पीएम २.५ ३०० नसतं, एक्यूआय ३०० म्हणजे पीएम २.५ चोवीस तासांत १२०, लोक हे मिसळतात. आपलं मानक ६० आहे, डब्ल्यूएचओचं १५.

आजीची_नात
एन ९५ मास्क?

श्वासमित्र
चालताफिरता, स्वतः काढू शकणारा पेशंट असेल तर थोड्या वेळासाठी हो. पण लाळ गळत असेल तर मास्क ओला होतो, मग श्वास घ्यायला जड जातं. ज्याला स्वतःच्या हाताने काढता येत नाही त्याला एकट्याला मास्क लावून सोडायचं नाही.

अजून एक राहिलं. या लोकांना न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, नेहमीपेक्षा जास्त झोप, जेवण सोडणं, चालणं अचानक बिघडणं, ही पहिली खूण असू शकते. ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका, थंड बोट आणि हाताचा कंप यामुळे आकडा चुकतो, बोट चोळून गरम करा, हात उशीवर टेकवा, आकडा स्थिर झाला की वाचा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, आराम करताना २४-२५ च्या वर असेल तर वाट बघू नका.

लष्करची_वहिनी
सगळं छान चाललंय पण मूळ प्रश्न राहिला, गाव सोडावं का. आम्ही केलंय. सासऱ्यांना, पार्किन्सन्सच, एक हिवाळा नाशिकला दिरांकडे ठेवलं. खोकला कमी झाला, हे खरं. पण नवीन घरात बाथरूमची दिशा वेगळी, रात्री पडले, खुब्याचं हाड मोडलं. मग पलंगावर पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया तिथेच झाला. हवा चांगली होती. मी नेऊ नका म्हणत नाही, पण नेलं तर आधी घर तयार करा, धरायला दांडे, रात्रीचा दिवा, फिजिओ ठरवलेला, औषधांच्या वेळा लिहिलेल्या. आणि तिथलाही डॉक्टर आधी भेटून ठेवा.

निवृत्त_भूगोलमास्तर
या संदर्भात एक गोष्ट. कॅनडाच्या हॅमिल्टन शहरात ६५ वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला. वर्षभराहून जास्त काळ खराब हवेत राहिलेल्यांना न्यूमोनियाने ऍडमिट व्हावं लागण्याचा संबंध दिसला. म्हणजे हवेचा हिशोब एका हिवाळ्याचा नाही, दीर्घकाळाचा आहे. चार महिने जाऊन आल्याने गंगेत घोडं न्हालं असं समजू नये, आणि गेलो नाही म्हणून सगळं संपलं असंही नाही.

पुण्याचा_दादा
अगं, मीच तो दादा. लिंक तूच पाठवलीस आणि मी ऑफिसात बसून सगळं वाचलं. मला अजूनही वाटतं त्यांनी इथे यावं, कारण तिकडे रात्री काही झालं तर तू आणि आई दोघीच, हवेपेक्षा मला त्याची जास्त भीती आहे. पण पडण्याचं वाचून गप्प झालो. आधी गिळण्याची तपासणी आणि दोन्ही लशी होऊ देत. डिसेंबरच्या मध्यापासून मीच वर्क फ्रॉम होम घेऊन तिकडे येतो. प्युरिफायर मी घेऊन येतो, तू घेऊ नकोस. आणि बाबांची खोली रस्त्याकडून मागच्या अंगणाच्या बाजूला हलव, आईला सांग मी सांगितलं.

कंपूची_लेक
आईला तू सांगितलंस म्हटलं की ती ऐकते, मी महिनाभर तेच सांगतेय. ये. स्पीच थेरपिस्टची वेळ सोमवारची मिळाली आहे. लशींबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारलं, न्यूमोकोकलची आधी एक आणि नंतर अंतराने दुसरी असं ते ठरवून देतायत. जेवण गोळीनंतर पाऊण तासाने चालू केलं, बाबा नऊ वाजेपर्यंत थांबायला तयार नसतात, साडेआठलाच ताट मागतात, बघू. यंदा ग्वाल्हेरलाच राहतोय. जानेवारीत परत ऍडमिट करायची वेळ आली तर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुणं, असं आईकडून कबूल करून घेतलंय.

बाड्यावरचा
मी पहिल्याच ओळीत न्या म्हटलं होतं, अजूनही तेच म्हणतो. पण दादा येतोय हे बेस्ट झालं.

मुरारची_सून
@कंपूची_लेक सोमवारी जाताना बाबांचं नेहमीचं जेवण डब्यात घेऊन जा, पोळी-भाजी, वरण, चहा. थेरपिस्टला त्यांना प्रत्यक्ष खाताना बघता येतं. आणि गोळी दिल्यावरचीच वेळ धरा.

फालकाबाजार
उशिरा आलो. आमच्या काकांना एएलएस आहे, सगळे स्नायू हळूहळू दुबळे होत जातात तो आजार, आता गिळणं खूपच कमी झालंय, डॉक्टर पोटातून नळी टाकायचं म्हणतायत. नळी टाकली की न्यूमोनिया थांबतो का?

श्वासमित्र
पूर्ण थांबत नाही, लाळ तर आत जातच राहते. पण एएलएसमध्ये वजन टिकवायला नळी लागते आणि श्वासाची ताकद फार कमी व्हायच्या आधी टाकलेली सोपी जाते, म्हणून निर्णय लांबवू नका. बायपॅपबद्दलही (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) त्याच भेटीत विचारा. यावर वेगळा धागा काढा, मी तिकडे सविस्तर लिहितो.